जॅझचे ध्वनिमुद्रक व्हायचे असेल तर

जॅझ वाजवणारे चार-पाच वादक एका खोलीत बसतात, एकमेकांना ऐकतात, आणि ऐकता ऐकता जे रचतात ते पुन्हा तसेच कधीही वाजत नाही. ध्वनिमुद्रकाच्या कामाचे सगळे स्वरूप या एका गोष्टीवरून ठरते. पॉप संगीतात ड्रम, बेस, गिटार आणि गायन वेगवेगळे मुद्रित करून नंतर एकत्र आणता येतात आणि चुकलेला भाग पुन्हा घेता येतो. जॅझमध्ये पियानोवादकाने मध्येच टाकलेल्या एका स्वरसंगतीला ड्रमवादक उत्तर देतो, त्या उत्तरामुळे सॅक्सोफोनची पुढची ओळ बदलते आणि तिच्यामुळे बेसची चाल बदलते. त्यामुळे यातल्या एकाचे वादन नंतर बदलले, तर बाकीच्यांच्या वादनाला संदर्भच उरत नाही. म्हणून या व्यवसायातले महत्त्वाचे निर्णय वादक वाजवायला लागण्यापूर्वी घेतलेले असावे लागतात. कोण कुठे बसेल, कोणता माइक किती अंतरावर असेल, कोण कोणाला कसे ऐकेल, हे सगळे पहिला स्वर उमटण्याआधी ठरलेले असेल, तरच ध्वनिमुद्रकाला वादनाच्या वेळी शांत बसून ऐकता येते. हा व्यवसाय शिकायचा म्हणजे ही पूर्वतयारी शिकायची, आणि पुढील मार्गदर्शन त्याच दृष्टीने लिहिले आहे.

कानांची तयारी

या क्षेत्रात येऊ पाहणारे बहुतेक जण माइक आणि सॉफ्टवेअर यांच्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात संगीताच्या बांधणीपासून व्हायला हवी. जॅझमधील असंख्य रचना दोन साच्यांवर उभ्या असतात: १२ बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक भाग) ब्लूज आणि ३२ बारांचे गीत, ज्यात आठ-आठ बारांचे चार भाग असतात आणि तिसरा भाग बहुधा वेगळा असतो. आधी सर्वांनी मिळून मूळ धून वाजवायची, मग त्याच स्वरसंगतींच्या आवर्तनांवर एकेकाने उत्स्फूर्त वादन करायचे आणि शेवटी पुन्हा धुनेकडे यायचे, असा सर्वसाधारण क्रम असतो. वाजत असलेल्या रचनेत आपण या क्षणी कितव्या आवर्तनाच्या कोणत्या भागात आहोत, हे ध्वनिमुद्रकाला न मोजता कळले पाहिजे. बेसचे एकल वादन आता सुरू होईल आणि आवाजाची पातळी एकदम खाली जाईल, किंवा आता ड्रमवादक चार-चार बारांची देवाणघेवाण सुरू करील, हे ज्याला आधी कळते त्याचा हात योग्य वेळी योग्य ठिकाणी असतो. दोन टेक (एकाच रचनेची वेगवेगळ्या खेपांतली मुद्रणे) जोडायचे असतील तर जोड कुठे बसेल, हेही याच जाणिवेतून ठरते. शक्य असेल तर एखादे वाद्य शिकावे. ऑस्लोच्या रेनबो स्टुडिओत ईसीएम या म्युनिकच्या कंपनीसाठी शेकडो ध्वनिमुद्रणे करणारे यान एरिक कोंग्सहाउग स्वतः गिटारवादक होते.

ऐकण्याचा अभ्यास पद्धतशीर करावा. एकच वादक, पण ध्वनिमुद्रक आणि खोली वेगळी, अशी उदाहरणे शेजारी-शेजारी ठेवून ऐकणे हा मला सर्वांत फलदायी अभ्यास वाटतो. १९५७ ते १९५९ या काळातला जॉन कोल्ट्रेन यांचा टेनर सॅक्सोफोन घ्या. न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी रूडी व्हॅन गेल्डर यांनी तो आपल्या आई-वडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात मुद्रित केला, अटलांटिक कंपनीत टॉम डाउड यांनी केला, आणि माइल्स डेव्हिस यांच्या संचात वाजवताना तो कोलंबिया कंपनीच्या न्यू यॉर्कमधील ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, म्हणजे पूर्वीच्या एका चर्चमध्ये, फ्रेड प्लाउट यांनी मुद्रित केला. वादक तोच, पण एका ठिकाणी तो कानाशी येऊन वाजवतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्याभोवती उंच छताखालची हवा ऐकू येते. ऐकताना कागदावर खोलीचा नकाशा काढावा: कोण डावीकडे, कोण जवळ, कोणाचा आवाज खोलीतून परावर्तित होऊन येतो, सिंबलचा आवाज कोणत्या माइकमधून येत असावा. हे अंदाज अनेकदा चुकतील, पण कान ज्या प्रश्नांची उत्तरे शोधायला लागतो ते प्रश्न योग्य असतात. याच्या जोडीला ध्वनिवर्धकाशिवाय वाजवलेली वाद्ये अगदी जवळून आणि दुरून ऐकावीत, कारण डबल बेसचा खरा आवाज ज्याने कधी ऐकला नाही, त्याला माइकमधून येणारा आवाज खरा आहे की खोटा हे सांगता येणार नाही.

उमेदवारी

या व्यवसायाला ठरलेला दरवाजा नाही, हे त्याच्या इतिहासावरूनच दिसते. व्हॅन गेल्डर यांचे शिक्षण नेत्रतपासणीचे होते. दिवसा चष्म्याचे नंबर काढून ते फावल्या वेळात ध्वनिमुद्रण करत, आणि १९५९ मध्ये एंगलवूड क्लिफ्स येथे ३९ फूट उंच छताचा स्टुडिओ बांधल्यावरच त्यांनी पूर्ण वेळ या कामाला दिला. टॉम डाउड भौतिकशास्त्राकडून आले. अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात त्यांनी तरुणपणी काम केले होते.

आज औपचारिक शिक्षणाची सोय चांगली आहे. जर्मनीतील डेटमोल्ड येथे १९४९ मध्ये टोनमाइस्टर अभ्यासक्रम सुरू झाला, इंग्लंडच्या सरे विद्यापीठाने १९७० मध्ये तसाच अभ्यासक्रम आणला. संगीत आणि ध्वनितंत्र या दोन्हींत सारखेच प्रावीण्य असलेला माणूस घडवणे, म्हणजे स्वरलिपी वाचणारा, वाद्य वाजवणारा आणि विद्युत परिपथही समजणारा, ही त्यामागची कल्पना आहे, आणि जॅझसाठी ती अतिशय उपयुक्त आहे. माँट्रियलचे मॅकगिल विद्यापीठ, बॉस्टनचे बर्कली संगीत महाविद्यालय, मायामी विद्यापीठ आणि न्यू यॉर्क विद्यापीठ येथेही या विषयाचे शिक्षण मिळते. अशा संस्थेचा मोठा फायदा वर्गाबाहेर असतो. तिथे जॅझचे विद्यार्थी वादक असतात, त्यांना आपले वादन मुद्रित करून हवे असते, आणि ध्वनिमुद्रणाच्या विद्यार्थ्याला चुका करायला माणसे आणि खोली उपलब्ध असते. ज्यांना हे शिक्षण शक्य नाही त्यांनी तीच परिस्थिती स्वतः निर्माण करावी: तालमी करणारा एखादा संच गाठावा, दोन चांगले माइक आणि एक साधे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन त्यांच्या तालमी नियमितपणे मुद्रित कराव्यात आणि प्रत्येक वेळी त्यांना ऐकवाव्यात. दोनच माइक हाताशी असताना तोल साधायचा तर माइक किंवा माणसे हलवावी लागतात, आणि जॅझच्या ध्वनिमुद्रणाचे मूळ कौशल्य तेच आहे.

त्यानंतरची पायरी म्हणजे स्टुडिओत सहायकाचे काम. केबल टाकणे, स्टँड उभे करणे, हेडफोन तपासणे आणि प्रत्येक टेकची नोंद ठेवणे हे काम किरकोळ मानू नये. ध्वनिमुद्रक अल श्मिट यांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. न्यू यॉर्कच्या एपेक्स स्टुडिओत ते डाउड यांच्या हाताखाली उमेदवारी करत होते. एका शनिवारी ते स्टुडिओत एकटेच असताना अचानक मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रणासाठी येऊन उभा राहिला, आणि सोबत साक्षात ड्यूक एलिंग्टन होते. श्मिट यांनी आपण या कामाला पात्र नसल्याचे पुन्हा पुन्हा सांगितले, पण दुसरे कोणीच नसल्याने काम त्यांनाच करावे लागले, आणि ते निभावले ते आधीच्या सेशनमध्ये काढून ठेवलेल्या आकृत्यांच्या वहीमुळे. ही वही प्रत्येक उमेदवाराने ठेवावी. तिच्यात खोलीचा आराखडा, प्रत्येक वादकाची जागा, माइकचे नाव, त्याची दिशा आणि वाद्यापासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये लिहावे, आणि नंतर मुद्रण ऐकून काय जमले व काय नाही हे त्याच पानावर नोंदवावे.

खोली आणि माणसांची जागा

तोल साधण्याचे सर्वांत जुने साधन अंतर आहे. १९२३ मध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड येथे किंग ऑलिव्हर यांच्या संचाचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा माइक नव्हतेच. सर्व वादक एका भोंग्यासमोर वाजवत होते. लुई आर्मस्ट्राँग यांचा कॉर्नेट इतका जोरकस होता की त्यांना इतरांपासून बऱ्याच अंतरावर मागे उभे केले, अशी आठवण संचातील पियानोवादक लिल हार्डिन यांनी सांगितली आहे. आज प्रत्येक वाद्यापुढे माइक असला तरी तो नियम बदललेला नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो, आणि हा बदल कोणत्याही फेडरपेक्षा, म्हणजे पातळी बदलणाऱ्या सरकत्या बटणापेक्षा, अधिक नैसर्गिक ऐकू येतो, कारण त्यात आवाजाबरोबर खोलीचे प्रमाणही बदलते.

पहिला निर्णय हा की सर्वांनी एका खोलीत वाजवायचे की वेगवेगळ्या कक्षांत. माझे मत स्पष्ट आहे: संचाची सवय आणि खोलीचा आकार परवानगी देत असेल, तर सर्वांनी एकत्र, जवळजवळ आणि शक्य तर हेडफोनशिवाय वाजवावे. जवळ बसलेले वादक आपला आवाज एकमेकांच्या मानाने आपोआप आवरतात आणि निम्मा तोल ध्वनिमुद्रकाच्या हाताशिवाय साधला जातो. याची किंमत म्हणजे लीकेज, अर्थात एका वाद्याच्या माइकमध्ये शेजारच्या वाद्याचा शिरणारा आवाज. नवशिक्याला त्याची भीती वाटते. खरे तर एकत्र मुद्रित झालेल्या जॅझचा भरदारपणा या लीकेजमधूनच येतो, फक्त ते चांगल्या दर्जाचे असावे लागते. माइकच्या समोरून येणारा आवाज सुरेख असेल, पण बाजूने येणारा आवाज तो माइक कोंदट करून टाकत असेल, तर बेसच्या माइकमधून येणारे सिंबल सगळे मिश्रण मळकट करतात. म्हणून जॅझसाठी माइक निवडताना तो बाजूने आणि मागून कसा ऐकतो हे अवश्य तपासावे. दोन्ही बाजूंना पूर्ण बहिरा असलेला आठ-आकाराच्या ग्रहणक्षेत्राचा माइक येथे फार कामाला येतो. त्याची बहिरी बाजू ड्रमकडे केली की पडदे न लावताही बेस बराच स्वच्छ मिळतो.

वादकांना एकमेकांचे चेहरे आणि हात दिसले पाहिजेत. ड्रमवादक आणि बेसवादक हाताच्या अंतरावर असावेत, पियानोवादकाला बेसवादकाची बोटे दिसावीत, आणि संचाचा प्रमुख सर्वांना दिसावा, कारण शेवट कुठे करायचा हे अनेकदा केवळ भुवईच्या इशाऱ्याने ठरते. काचेपलीकडच्या कक्षात ठेवलेला ड्रमवादक तांत्रिकदृष्ट्या निर्दोष मुद्रित होतो, पण संच एका श्वासात वाजत नाही असे अनेकदा घडते. अर्थात हळुवार गायन आणि जोरकस ड्रम एकत्र असतील तर गायकासाठी वेगळा कक्ष घ्यावाच लागतो. तेथे हट्ट उपयोगाचा नाही.

वाद्यागणिक माइक

ड्रमपासून सुरुवात करावी. जॅझमध्ये लय राइड सिंबलवर, म्हणजे ठेका धरणाऱ्या मोठ्या झांजेवर, चालते, बेस ड्रम लहान, बहुधा १८ इंचांचा, आणि मोकळ्या चामड्याचा व चढ्या सुराचा असतो. त्याला उशा भरून दाबून टाकणे आणि प्रत्येक ढोलावर वेगळा माइक लावणे ही दुसऱ्या संगीतातली पद्धत येथे संपूर्ण वाद्याचे तुकडे करते. वर दोन माइक लावून आधी पूर्ण संच त्यांतूनच ऐकावा. ज्या गोष्टीची उणीव खरोखर जाणवेल तिच्यासाठीच, बहुधा बेस ड्रमसमोर आणि क्वचित स्नेअरपाशी, आणखी एक माइक आणावा. काठ्यांऐवजी तारांच्या ब्रशने वाजवलेली संथ रचना असेल तर वरचे माइक थोडे खाली आणि स्नेअरच्या बाजूला सरकवावेत, म्हणजे ब्रशचे गोल फिरणे ऐकू येते.

डबल बेसवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. त्याचा खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, आवाज मृदू असतो आणि शेजारी ड्रम असतात. ब्रिजच्या, म्हणजे तारा पेलणाऱ्या घोडीच्या, समोर किंचित वर, १५ ते ३० सेंटिमीटरवर माइक ठेवून बेसवादकाला चढते-उतरते स्वर सावकाश वाजवायला सांगावे, आणि एखादा स्वर घुमत किंवा हरवत असेल तर माइक थोडा थोडा हलवत सर्व स्वर सारखे येतील अशी जागा शोधावी. बोट तारेवरून सुटण्याचा आवाज आणि लाकडाचा गाभा हे दोन्ही मिळाले पाहिजेत. पिकअपची, म्हणजे वाद्यावरच बसवलेल्या संवेदकाची, वेगळी वाहिनी हाताशी म्हणून मुद्रित करावी, पण तिच्यावर विसंबू नये.

पियानो त्याच दिवशी, सर्व मांडणी झाल्यावर आणि वादक येण्यापूर्वी जुळवून घ्यावा. २४ जानेवारी १९७५ रोजी कोलोनच्या ऑपेरागृहात कीथ जॅरेट यांच्यासमोर चुकीचा आणि वाईट अवस्थेतला पियानो आला आणि तो वाजवण्याजोगा करण्यासाठी कार्यक्रमाआधी काही तास खपावे लागले. ध्वनिमुद्रक मार्टिन वीलांड यांनी त्या रात्री केलेले मुद्रण जगभर ऐकले गेले, तरी तो प्रसंग नियम म्हणून घेण्यासारखा नाही. पियानोचे झाकण उघडण्याची दिशा ड्रमकडे नसावी. हातोड्यांच्या वर २० ते ३० सेंटिमीटरवर दोन माइक ठेवले तर आघात स्पष्ट येतो; थोडे दूर, झाकणाच्या कडेपाशी नेले तर वाद्य एकसंध ऐकू येते, पण लीकेज वाढते.

सॅक्सोफोनचा आवाज केवळ तोंडातून येत नाही, तो सर्व छिद्रांतून येतो; म्हणून माइक वाद्याच्या मधल्या उंचीकडे रोखून ३० ते ५० सेंटिमीटरवर ठेवावा. ट्रम्पेटसाठी रिबन माइक सहसा सुखद असतो, कारण तो वरच्या कंपनांची धार बोथट न करता तिचा कर्कशपणा कमी करतो; मात्र जुन्या रिबन माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या केबलमधूनच दिली जाणारी वीज) चुकूनही जाणार नाही याची खात्री केबल जोडण्याआधी करावी.

सगळे माइक लागल्यावर ते एकमेकांशी भांडत नाहीत ना, हे पाहणे राहते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एकच वाद्य दोन माइकमध्ये ३४ सेंटिमीटरच्या फरकाने पोहोचले, तर दुसऱ्यात ते एक सहस्रांश सेकंद उशिरा येते, आणि दोन्ही सारख्या पातळीवर मिसळले की ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज जवळपास नाहीसा होतो. यासाठी दोन माइकमधील अंतर हे प्रत्येक माइकच्या आपल्या वाद्यापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवण्याची पद्धत आहे. त्याशिवाय सर्व वाहिन्या एकत्र मोनोमध्ये ऐकाव्यात आणि एकेकीची ध्रुवता उलटून पाहावी. ज्या स्थितीत खालचे स्वर भरीव येतात ती ठेवावी. इक्वलायझरकडे हात जाण्याआधी माइक हलवून पाहावा, ही श्मिट यांची आयुष्यभराची पद्धत होती.

सेशनचा दिवस

वादक दारातून येतील तेव्हा सर्व माइक लागलेले, प्रत्येक वाहिनी तपासलेली आणि हेडफोन वापरायचे असतील तर त्यांतले मिश्रण तयार असावे. ब्लू नोट कंपनीचे आल्फ्रेड लायन वादकांना तालमीच्या दिवसांचे वेगळे पैसे देत, आणि त्या कंपनीच्या ध्वनिमुद्रणांतला आत्मविश्वास तेथून आलेला आहे. तुमच्या निर्मात्याचे अंदाजपत्रक तेवढे नसेल, तरी आदल्या आठवड्यात संचाची तालीम ऐकायला जाणे तुम्हाला नक्कीच शक्य असते. कोण किती जोरात वाजवतो आणि कोणती रचना हळुवार आहे, हे तिथेच कळते.

२४ बिटांवर मुद्रण करताना सरासरी पातळी उणे १८ ते उणे २० डीबीएफएसच्या (डिजिटल कमाल पातळीपासून खाली मोजलेल्या डेसिबलच्या) आसपास आणि शिखरे उणे ६च्या खाली राहतील इतकी मोकळी जागा ठेवावी. आवाजाच्या तपासणीत वादक जेवढ्या जोराने वाजवतात त्याहून खऱ्या टेकमध्ये ते हमखास अधिक जोराने वाजवतात. यंत्र तपासणीपासूनच चालू ठेवावे आणि मध्ये बंद करू नये; तालीम समजून वाजवलेली पहिली खेप पुष्कळदा सर्वांत जिवंत असते. माइल्स डेव्हिस यांच्या १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू' या ध्वनिमुद्रिकेत एक रचना सोडली तर प्रत्येकीचा पहिलाच पूर्ण टेक वापरला गेला. त्याच ध्वनिमुद्रिकेतून आणखी एक धडा मिळतो. २ मार्चच्या सेशनमध्ये मुख्य टेपयंत्र किंचित संथ चालत होते, त्यामुळे ती टेप योग्य वेगाने वाजवल्यावर त्या दिवशीच्या तीन रचना अनेक वर्षे मूळ सुरापेक्षा किंचित चढ्या ऐकल्या जात राहिल्या. सोबत दुसऱ्या यंत्रावर राखीव टेप चालू होती, म्हणून १९९२ मध्ये ती चूक दुरुस्त करता आली. तुमचे मुद्रणही एकाच वेळी दोन स्वतंत्र यंत्रांवर किंवा निदान दोन डिस्कवर जात असले पाहिजे, आणि सेशन संपताच तिसरी प्रत इमारतीबाहेर जायला हवी.

टेकच्या नोंदवहीत रचनेचे नाव, टेकचा क्रमांक, सुरुवातीची वेळ, लय आणि एका ओळीत अभिप्राय लिहावा. टॉकबॅकवर, म्हणजे नियंत्रण कक्षातून वादकांशी बोलण्याच्या माइकवर, कमीत कमी बोलावे. टेक संपल्यावर शेवटचे सिंबल पूर्ण विरेपर्यंत कोणीही हलू नये, ही सूचना आधीच द्यावी आणि स्वतःही पाळावी. वादकांनी विचारल्याशिवाय वादनावर मत देऊ नये. विचारले तर खरे सांगावे. तांत्रिक अडचण आली तर कारणांची लांबण न लावता किती वेळ लागेल तेवढेच सांगावे. संच थकला आहे हे ध्वनिमुद्रकाला सर्वांत आधी ऐकू येते, कारण लय सैल पडू लागते, आणि अशा वेळी निर्मात्याला विश्रांती सुचवणे हे त्याचे कर्तव्य आहे.

मैफलीचे मुद्रण

क्लबमधले थेट ध्वनिमुद्रण ही वेगळी परीक्षा आहे, कारण तिथे दुसरा टेक मागता येत नाही. २५ जून १९६१ रोजी न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये डेव्ह जोन्स यांनी बिल एव्हान्स यांच्या त्रयीचे मुद्रण केले. एका दिवसात पाच सत्रे झाली, पहिल्याच रचनेत क्षणभर वीज गेली आणि तो व्यत्यय मुद्रणात उतरला. अवघ्या अकरा दिवसांनी बेसवादक स्कॉट लाफारो यांचे अपघाती निधन झाले, आणि त्या त्रयीचे वादन आपल्याला त्या मुद्रणामुळेच इतक्या जवळून ऐकायला मिळते. पेल्यांची किणकिण आणि श्रोत्यांची कुजबुज त्यात आहे, आणि ती काढून टाकावी असे मला कधीही वाटले नाही. अशा कामासाठी यंत्रांना बॅटरीचा आधार द्यावा, जागेची विद्युतव्यवस्था आधी जाऊन पाहावी, क्लबच्या ध्वनियंत्रणेपासून आपल्या वाहिन्या अलग कराव्यात, श्रोत्यांच्या दिशेने दोन माइक वेगळे लावावेत आणि केबल कोणाच्या पायात येणार नाहीत अशा चिकटपट्टीने बसवाव्यात. सर्व वादकांची आणि जागेच्या मालकाची लेखी परवानगी आधी घेतलेली असावी.

मिक्सिंगबद्दल थोडेच

मुद्रण नीट झाले असेल तर मिक्सिंगला, म्हणजे सर्व वाहिन्या तोलून एकत्र करण्याला, फार करावे लागत नाही. ईसीएमच्या प्रथेत दोन दिवस मुद्रण आणि एक दिवस मिक्सिंग एवढाच वेळ असे. आधी सर्व फेडर एकत्र वर करून पूर्ण संच ऐकावा. एकेक वाद्य वेगळे ऐकून सजवत बसले तर लीकेजमधून जमलेली रचना विस्कटते. जागा ठरवताना श्रोता संचासमोर बसला आहे असे मानावे. पियानो एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पसरवला तर त्याच्या आत बसलेला सॅक्सोफोन विचित्र वाटतो. बेसच्या एकल वादनात बाकीचे वादक स्वतःहून खाली येतात, तो उतार तसाच राहू द्यावा. कॉम्प्रेशन (मोठ्या-लहान आवाजांतला फरक कमी करणे) जपून वापरावे आणि प्रतिध्वनी शक्यतो सर्वांसाठी एकच ठेवावा. स्पॉटिफायसारख्या सेवा आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या एककाच्या) आसपास आणतात, त्यामुळे मास्टरिंगमध्ये, म्हणजे प्रकाशनापूर्वीच्या शेवटच्या संस्करणात, आवाज चढवण्याच्या स्पर्धेत उतरून जॅझच्या चढ-उतारांचा बळी देण्याचे काहीच कारण उरत नाही.

उपजीविका

केवळ जॅझच्या ध्वनिमुद्रणावर जगणारे लोक थोडे आहेत, हे आधीच समजून घ्यावे. बहुतेक जण त्याच्या जोडीला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे मुद्रण, नाट्यगृहातील ध्वनी, प्रसारण, जुन्या टेपांचे जतन किंवा अध्यापन करतात. यातले शास्त्रीय संगीत आणि प्रसारण मला सर्वांत पूरक वाटतात, कारण दोन्हींत खोली ऐकण्याची आणि एकाच खेपेत काम पार पाडण्याची सवय लागते. जर्मनीतील डब्ल्यूडीआर, एनडीआर, एसडब्ल्यूआर आणि एचआर या सार्वजनिक प्रसारण संस्थांचे स्वतःचे बिग बँड आहेत, आणि अशा ठिकाणी ध्वनिमुद्रकाला स्थिर नोकरी मिळू शकते. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी ही १९४८ साली स्थापन झालेली संस्था विद्यार्थ्यांसाठी ध्वनिमुद्रणाच्या स्पर्धा घेते; तिथे आपले काम अनुभवी परीक्षकांसमोर ठेवता येते. स्वतःच्या कामाचे नमुने निवडताना सलग, न कापलेल्या रचना द्याव्यात आणि त्यांत ब्रशवर वाजवलेली एक संथ रचना जरूर असावी.

कामे ओळखीतून येतात, आणि ओळख वादकांशी असावी लागते. आज तालीम मुद्रित करून घेणारा विद्यार्थी काही वर्षांनी स्वतःची ध्वनिमुद्रिका काढतो तेव्हा ज्याच्यासमोर त्याला निर्धास्त वाजवता आले होते त्यालाच बोलावतो. त्यामुळे गावातल्या किंवा शहरातल्या जॅझच्या कार्यक्रमांना काम नसतानाही नियमित जावे.

व्यवहार मात्र पहिल्या ओळखीपासून लेखी असावा. मानधन दिवसाचे की संपूर्ण प्रकल्पाचे, त्यात स्टुडिओचे भाडे धरले आहे की नाही, पियानो जुळवणाऱ्याचे पैसे कोण देणार, संपादनाच्या किती फेऱ्या अंतर्भूत आहेत, आगाऊ रक्कम किती, आणि अंतिम फाइल पूर्ण पैसे मिळाल्यावर दिल्या जातील का, हे सेशनची तारीख ठरवतानाच कागदावर यावे. ध्वनिमुद्रिकेवर आणि डिजिटल नोंदींत आपले नाव कोणत्या शब्दांत येईल, मुद्रण, मिक्सिंग आणि मास्टरिंग यांचे श्रेय वेगवेगळे असेल का, हेही तिथेच लिहावे.

कान हे या व्यवसायातले एकमेव साधन आहे जे बदलून मिळत नाही. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही व्यावसायिक आरोग्यशास्त्राने सुचवलेली मर्यादा आहे, आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ डेसिबलला चार तास आणि ९१ला दोन. ड्रमशेजारी उभे राहून माइक लावताना कानात बोळे घालावेत, नियंत्रण कक्षातली ऐकण्याची पातळी ठरवून तिची खूण करून ठेवावी आणि दिवसभर ती ओलांडू नये, आणि दर वर्षी श्रवणतपासणी करून तिचा आलेख मागच्या वर्षीच्या आलेखाशी ताडून पाहावा.